शेळीचा महिना

आमच्या गावच्या शेवंताबाईचा माळ आजऱ्याच्या रस्त्याला लागून. नवरा गेल्यावर, त्र्याण्णव साली, तिनं ते चार एकर गवत ज्ञानूला खंडानं दिलं. ज्ञानूच्या गोठ्यात सात म्हशी, त्याला गवत पाहिजेच होतं. पण बाईची अट ऐका. अकरा महिने माळ त्याचा. मे महिन्यात त्यानं बांधाच्या आत पाय टाकायचा नाही. त्या महिन्यात ती स्वतःची शेळी तिथं बांधणार.

मे महिन्यात त्या माळावर काय असतंय? दगडं. म्हणून ही बाई डोक्यावर फणसाचा पाला घेऊन माळ चढायची आणि शेळीपुढं टाकायची. मी वडापची, शिटा भरून न्यायची जीप चालवतो. एकदा गाडी थांबवून म्हणालो, "अगं, हाच पाला घरात घाल की."

"चारायला न्हाय बांधली. दाखवायला हाय ती," बाई म्हणाली.

तिच्या दिराचं रान कुळानं गिळलेलं. बारा महिने कसतोय म्हणून सातबाऱ्याला कुळाचं नाव चढलं, आणि दीर मरेपर्यंत लोकांच्या रानात मजुरीला गेला. बाईला तीच धास्ती. पोरगा प्रसेनजीत कागलच्या एमआयडीसीत. तो म्हणायचा, करारपत्र करू. हिचं ठरलेलं उत्तर, कागद पेटीत राहतो, शेळी गावाला दिसते.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये बाई घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. शेळी शेजारच्या आक्काच्या दारात बांधून प्रसेनजीतनं तिला कागलला नेलं. मे तिकडंच गेला. तिच्या डोक्यात एकच, महिना चुकला, माळ गेला. ज्ञानू वाईट नव्हता. पण दिराचं कूळ तरी कुठं वाईट होतं?

मे संपायला दोन दिवस असताना ती हट्टानं परत आली. माझी जीप त्या उन्हाळ्यात गडहिंग्लजच्या रस्त्याला होती, तिथून मीच तिला आणली. घरी नको, थेट माळावर चल म्हणाली.

शेळी तिच्याच खुंट्याला, पुढ्यात ताजा पाला. आत आक्का उभी. बांधाबाहेर भर उन्हात ज्ञानू बसलेला.

"रोज आक्कास्नी आणतोय बांधायला," तो म्हणाला. "पाला मी आणतोय, पर हितंवरच. मी आत पाय टाकला तर तुमचा म्हयना मोडंल की, मावशी."

बाई जीपमध्येच रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मुडद्या, उन्हात का बसलायस? ये आत," ती म्हणाली.

"जूनमधी येतो," ज्ञानू म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.