बायकोचा दुभाषा

आम्ही नवराबायको आफ्रिकेला निघालोय, ही बातमी मी सांगायच्या आधीच दूधकट्ट्यावर पोचली होती. सकाळी किटली घेऊन गेलो, तर म्हशीची धार काढता काढता गवळ्यानं मान वर केली.

"काय सायेब, आफ्रिकेला निघालासा म्हणं. हनिमूनला जरा उशीर झाला न्हाय का?"

"हनिमून नाही. चर्चचं काम आहे. तिथल्या शिक्षकांना शिकवायचंय. शेवटचा एक दिवस फिरणं."

"मग आधी वाघ बघून घ्या की. काम कुठं पळून जातंय?"

"तिथं वाघ नसतात. सिंह असतात."

"बघा," तो शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "दुसऱ्याची चूक काढल्याबिगार सायबास्नी दूध पचत न्हाय."

मी हसलो, पण त्यात चुकीचं काही नव्हतं. माझी सगळी नोकरी फाउंड्रीत, तपासणी खात्यात गेली. समोर आलेला नग मापायचा, मापात असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर बाजूला काढायचा. ही सवय संध्याकाळी कपड्यांबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

खरं बोलावणं बायकोला होतं. ती आमच्या चर्चची शब्बाथ शाळा चालवते, म्हणजे रविवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगते. सकाळचा वर्ग कोल्हापुरात आणि दुपारचा कबनूरला. कबनूरच्या खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना आहे. माग रविवारीही चालू असतात आणि त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यामुळे हिची गोष्ट सांगायची पद्धतच वेगळी झाली आहे. मोठा आवाज, सगळं अंग हलवून सांगणं, आणि जे शब्दांत पोचणार नाही ते हातांनी. केनियाहून कोल्हापूरला आलेल्या एका पाळकांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना, कुणीतरी तो वर्ग दाखवायला नेलं. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मागांमुळे आवाजही येत नव्हता. तरी बाहेर आल्यावर ते म्हणाले की गोष्ट कळली, आमच्या शिक्षकांना ही पद्धत शिकवायला या.

बायकोला इंग्रजी वाचता येतं, बोलायला मात्र ती बिचकते आणि कुणी भरभर बोललेलं तिला कळत नाही. म्हणून दुभाषा म्हणून मी. माझ्या मनात जिराफ होता, हेही सांगून टाकतो. लहानपणापासून चित्रात बघत आलोय, आणि तो प्राणी खरोखर तेवढ्या मापाचा असेल यावर माझा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता.

पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, बॅगा स्प्रिंगच्या काट्यावर तोलल्या. हिनं चटणीचा डबा तीन वेळा आत घातला आणि मी तीन वेळा बाहेर काढला. मुंबईला विमानतळावर कळलं की तो चौथ्यांदा आत गेला होता.

नैरोबीहून आम्हाला ज्या गावी न्यायचं होतं ते चहाच्या डोंगरात होतं. गाडी वर चढायला लागली तशी थंडी वाढली, धुकं आलं, भुरभुर पाऊस सुरू झाला. लाल माती, हिरवे उतार, रस्त्याकडेला छत्री घेऊन बसची वाट बघणाऱ्या बायका.

बायकोनं काच खाली केली. "अहो, हे तर आमचं चंदगडच की!" चंदगड तिचं माहेर. "एवढ्या लांब येऊन मी माहेरीच आले व्हय?"

"चंदगडला चहाचे मळे नाहीत," मी म्हणालो.

"काजू असतात. चहाबरोबर काजू. बसा गप."

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. चाळीसेक जणी होत्या, सगळ्या आपापल्या गावच्या चर्चमध्ये मुलांना शिकवणाऱ्या. बायको मराठीत बोलणार, मी ते इंग्रजीत सांगणार, आणि तिथली एक शाळामास्तरीण माझं इंग्रजी स्वाहिलीत करणार, अशी साखळी ठरली. ही मास्तरीण उंच, हसऱ्या चेहऱ्याची आणि नजरेनं माझ्याइतकीच तपासणी खात्यातली होती.

पहिली गोष्ट पाच भाकरी आणि दोन मासे यांची. येशूमागे लोकांची झुंबड रानात येते, संध्याकाळ होते, खायला काही नसतं. पाच भाकरी आणि दोन मासे निघतात, तेवढ्यात सगळे पोटभर जेवतात आणि वर बारा टोपल्या तुकडे उरतात. बायकोची ही हातखंडा गोष्ट. तिनं पदर खोचला आणि हवेत भाकरी थापायला सुरुवात केली. थप थप थप, दोन्ही तळव्यांवर फिरवून. "ज्वारीची भाकरी! चुलीवरची! असा पापुद्रा सुटलेला!"

मी इंग्रजीत सांगितलं, की वक्त्या ज्वारी म्हणताहेत, मात्र योहानाच्या शुभवर्तमानात जवाच्या भाकरी असा उल्लेख आहे, आणि पापुद्र्याबद्दल तिथं काही नाही.

मास्तरणीनं माझ्याकडे बघितलं, मग स्वाहिलीत सांगितलं. बायका वहीत लिहू लागल्या.

बायको पुढे गेली. गर्दीत एक बाई कडेवर तान्हं घेऊन आलेली, एक म्हातारी लुगड्याच्या घोळात चपला बांधून चाललेली, एक जण चुलीवरचं दूध उतरवायला विसरून आलेली. मी सांगितलं की ही तिन्ही माणसं वक्त्यांनी स्वतःच्या मनानं घातली आहेत, पवित्र शास्त्रात त्यांचा वेगळा उल्लेख नाही. मग बायकोनं दोन्ही हातांची दहा बोटं ताठ उभी केली. "दहा हजार माणसं जेवली! दहा हजार!"

मी सांगितलं, पाच हजार.

माझ्या दृष्टीनं काम चोख चाललं होतं. फक्त ज्या ठिकाणी कबनूरची मुलं हसून लोळतात तिथं इथं कुणी हसत नव्हतं. हीही ते बघत होती. आवाज चढवत होती, हात आणखी मोठे करत होती, आणि समोर चाळीस जणी माना खाली घालून लिहीत होत्या. शेवटच्या टोपलीपर्यंत येता येता तिचा आवाज उतरला.

संध्याकाळी तिथल्या व्यवस्थापक बाई मला बाजूला घेऊन अगदी अदबीनं बोलल्या. दोन दोन भाषांतरांत वेळ फार जातो. तुम्हाला धडे माहीतच आहेत, तर उद्यापासून तुम्हीच सरळ इंग्रजीत शिकवा. मॅडमना विश्रांती मिळेल. हवं तर गाडी देते, त्यांनी चहाचे मळे बघावेत.

हे खोलीवर जाऊन बायकोला सांगायचं काम माझंच होतं. ती खाटेवर बसून पाय चोळत होती. पाय चोळणं थांबवून तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "एक विचारू? माझं वाक्य एवढंसं असायचं. तुमचं एवढं लांब कसं काय व्हायचं? काय सांगत होतासा त्यास्नी?"

मी जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. ज्वारी, जव, पापुद्रा, तान्हं, म्हातारी, पाच हजार.

"म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही माझ्या मागून पुसत यायचं."

"शास्त्रात जे नाही ते आहे म्हणून कसं सांगू? ती शिकवणारी माणसं आहेत. उद्या तेच शिकवतील."

"आणि दहा हजाराचं काय?"

"पाच हजार लिहिलंय."

"पुरुष लिहिलंय. पाच हजार पुरुष, बायका-पोरं सोडून. मग ती बायका-पोरं काय उपाशी बसलीवती? भाकरी तोंडाकडं बघून वाटल्या काय?" ती उठून खिडकीशी गेली. "मी दहा म्हणते ते कमीच हाय."

मी म्हणालो की अंदाज हा अंदाज असतो, आकडा हा आकडा असतो.

"बरं. उद्या तुम्ही शिकवा. मी मागं बसते. एवढ्या लांब मी माणसांत आले होते, चहाचे मळे बघायला न्हाय. ते चंदगडहून आंबोलीला जाऊन बघितले असते."

आंबोलीला चहाचे मळे नाहीत. पण तेव्हा मी काही बोललो नाही, कारण ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं बॅगेतून चटणीचा डबा काढला, उघडला, वास घेतला आणि न खाताच परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी शिकवलं. मुद्देसूद आणि वेळेत. बायका लिहून घेत होत्या. बायको शेवटच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या हातांना काही काम नाही असं मी बहुधा पहिल्यांदाच बघत होतो आणि त्यामुळे माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

अर्ध्या तासानं मास्तरणीनं हात वर केला. म्हणाली, एक शंका आहे. काल मॅडमनी दहा बोटं दाखवली आणि तुम्ही पाच हजार म्हणालात. आम्ही रात्री जेवताना यावर बोललो. चूक कुणाची?

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की चूक कुणाची नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाच हजार पुरुष असं आहे, आणि स्त्रिया व मुलं त्यात मोजलेली नाहीत. माझ्या पत्नीनं ती मोजली.

मास्तरणीनं हे स्वाहिलीत सांगितलं. मग पुढच्या रांगेतली एक जाडसर बाई जोरात काहीतरी म्हणाली आणि सगळ्या जणी हसल्या, आदल्या दिवसापासून साठवून ठेवल्यासारख्या. मी मास्तरणीला विचारलं, त्या काय म्हणाल्या?

"त्या म्हणतात, स्वयंपाक आम्ही केला आणि मोजलं फक्त जेवणाऱ्या पुरुषांना! तुमच्या मॅडमना पुढे पाठवा."

तोवर ती जाडसर बाई मागच्या बाकापर्यंत पोचलीही होती. तिनं बायकोला दंडाला धरून उठवलं आणि लग्नात नवरीला आणतात तसं पुढे आणलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "आता काय करू?"

"सांग की," मी म्हणालो. "काल सांगितलंस तेच."

"आणि तुम्ही?"

"मी मागं बसतो."

तिनं पदर खोचला. मराठीतच सुरू केलं, कोल्हापुरी आवाजात. मध्ये ना इंग्रजी, ना स्वाहिली. भाकरी थापायला लागली तशा चार जणी उठल्या आणि हवेत आपापल्या पद्धतीनं थापायला लागल्या. फक्त जिथं अडलं तिथं मास्तरीण हिच्या हातांकडे बघून एखादं वाक्य स्वाहिलीत बोलायची. ती बरोबर सांगत होती का? मला तपासायला काही साधन नव्हतं. म्हातारीच्या चपलांवर हशा आला, तो कबनूरला येतो त्याच जागी आला, एवढंच मी बघितलं. आणि ज्वारीबद्दल मास्तरीण नंतर मला मुद्दाम सांगून गेली, की ज्वारी आमच्याकडेही पिकते, जव यांतल्या कितीजणींनी बघितलाय कुणास ठाऊक.

माझं मत अजूनही आहे की जव म्हणायला हरकत नव्हती.

मग फिरायच्या दिवसाचा प्रश्न आला. व्यवस्थापक बाई आता मला नाही, थेट बायकोला विचारायला आल्या. आजूबाजूच्या गावच्या आणखी शिक्षिका येऊ म्हणताहेत, उद्याचा एक दिवस द्याल का? मी दुभाष्याचं काम केलं आणि या वेळी एक शब्दही जास्त घातला नाही. अभयारण्याची गाडी ठरलेली होती, ती पुढे ढकलता येत नव्हती.

"जावा तुम्ही," बायको म्हणाली.

"एकटा?"

"जिराफ काय जोडप्यालाच दिसतो? फोटो काढून आणा."

गेलो. झेब्रे बघितले, रानरेडे बघितले, आणि झाडामागून जिराफ निघाला. पहिल्यांदा डोकं, मग मान, आणि मग बराच वेळ मानच. "अगं ते बघ," असं मी शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणालो. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला वाटलं मी त्याला काही विचारतोय, म्हणून त्यानं त्या प्राण्याची उंची आणि वजन सांगितलं. माहिती चांगली होती. पण मला त्या वेळी ती नको होती.

परत आलो तेव्हा वर्ग चालू होता. पुढे बायको नव्हती. ती जाडसर बाई गोष्ट सांगत होती आणि बायको पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. मी दाराशी उभा राहिलो. एक शब्द कळत नव्हता, गोष्ट मात्र कळत होती. तिच्या गोष्टीतल्या गर्दीत एक बाई डोक्याला दोर लावून पाठीवर लाकडाची मोळी घेऊन आली होती. ती आमच्या गोष्टीत कधीच नव्हती.

विमानतळाच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत बायको वर्गाबद्दल बोलत होती. मग थांबली आणि म्हणाली, "बरं, जिराफ कसा होता?"

मी फोनवर फोटो दाखवला आणि उंची सांगितली.

"फोटोत सगळं एवढंएवढंच दिसतंय. आणि उंची न्हाय विचारली. कसा होता ते सांगा."

मी विचार केला. मग सांगायला लागलो. आपल्या गल्लीत तो उभा राहिला, तर पाय आपल्या दारात आणि तोंड दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत. काकू पोहे करताहेत, हा जीभ बाहेर काढून बघतोय, ही एवढी जीभ, काळीनिळी, काकू झारा घेऊन ओरडताहेत. गाडीत जागा कमी होती, माझा एक हात छताला लागला.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"जीभ खरंच काळी असती, का हे तुमच्या मनाचं?"

"जीभ खरी आहे," मी म्हणालो. "काकू मनाच्या."

"मग झालं," ती म्हणाली, आणि मला पुढे सांगा म्हणून खूण केली.