वळणाअलीकडे उतरणाऱ्या काकू

कुठल्याही वाहनातून थेट घरापर्यंत न जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्राची आई. मित्र चेन्नईजवळ ओरगडमच्या कारखान्यात नवे ट्रक तपासतो. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, डोळ्यांच्या उपचारासाठी त्यानं दोघांना मराठवाड्यातून चेन्नईला आणलं होतं. कॉलनीच्या वळणावरचा शहाळीवाला दिसला रे दिसला की काकू ओरडत, "थांब, थांब!" ऑटोवाला कळवळून म्हणे, "अम्मा, वीडु इन्नुम वरलै!" घर अजून आलं नाही, हे त्यांना तमिळ न येताही समजे. "असू दे रे बाबा," म्हणत त्या उतरत आणि भर उन्हात पिशवी सावरत चालत येत.

माझ्या गाडीत पुढं बसल्या की त्यांचे पाय स्वस्थ नसत. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय दाबला जाई, ब्रेकला उशीर झाला की उजवा. मला वाटे, घाबरतात बिचाऱ्या. मग एकदा तिरुवल्लिकेणीच्या देवळातून परतताना बोळात समोर पाण्याचा टँकर आला. मागं एका अंगाला गाय, दुसऱ्या अंगाला फुलवाली. मी घामाघूम. काकू म्हणाल्या, "उतर. हिकडं ये." लुगडं खोचून त्या बसल्या आणि मान वळवून गाडी अशी सरळ मागं नेली, की वरच्या लॉजमध्ये टॉवेल वाळत घालणाऱ्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

"लायसन्स?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"रानात कोण इचारतंय?"

त्यापुढचं ऐकून मी हबकलोच. घरच्या ट्रॅक्टरला अण्णा पहिल्यापासून भीत. नांगरणी, पेरणी, सगळं काकूच करत. मात्र संध्याकाळी गावाचं वळण आलं की त्या खाली उतरत, मागं ट्रॉलीतल्या कडब्यावर जाऊन बसत, आणि अण्णा ट्रॅक्टर पारावरून मिरवत घरी नेत. सगळं आयुष्य असं! मुलगा शाळेपासून वसतिगृहात. त्यालासुद्धा पत्ता नाही.

आणि हाच मुलगा आता शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला द्यायला निघाला होता. अण्णांची नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "ट्रॅक्टर चालवणार कोण? आई एकटी काय करणार?" असं तो जेवताना काकूंसमोर म्हणाला, आणि काकूंनी त्याला आणखी एक भाकरी वाढली. मला राहवेना. बाहेर आल्यावर म्हटलं, "काकू, सांगा ना त्याला!"

"मग ह्यांचा आब काय राहील?" त्या म्हणाल्या. डोळे मात्र भरले होते. ते रान त्यांच्या हातून जाणार होतं, आणि त्या भाकरी वाढत होत्या! मला अण्णांचा भयंकर राग आला.

अण्णांना दवाखान्यातून आणायच्या शेवटच्या दिवशी मी कॉलनीच्या फाटकातून आत शिरताच गाडी काकूंच्या हाती दिली. वळण आलं. शहाळीवाला दिसला. गाडी थांबली. मागच्या सीटवर अण्णा दाराची कडी चाचपू लागले.

"आलं का वळण? उतर. मी घेतो पुढं."

मी थक्क. ज्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता, ते स्टिअरिंग मागत होते!

"तुम्हाला दिसतंय का काही?" काकूंनी विचारलं.

अण्णांचा हात कडीवरून खाली आला. मग अण्णा हळूच म्हणाले, "न्हाई."

"मग बसा."

जिन्यापाशी मित्र उभा होता. गाडी चालवत आलेली आई स्टिअरिंगमागून उतरताना पाहून त्याच्या हातची भाजीची पिशवी खाली पडली. अण्णांनीच काच खाली केली आणि सांगितलं, "रान द्यायचं न्हाई. ट्रॅक्टर हीच चालीवती. पहिल्यापासून." माझा राग तिथंच विरघळला.

दोघं गावी परतली. परवा काकूंचा फोन आला. पेरणी आटोपली होती. आता त्या पारावरून थेट घरापर्यंत ट्रॅक्टर नेतात. वळणावर पाय अजून ब्रेकवर जातो म्हणाल्या.

"पारावरची माणसं काय म्हणतात?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"काय म्हणणार? म्हणतात, अण्णांचा ट्रॅक्टर आला."

त्या खळखळून हसल्या. मला मात्र हसू येईना. शहाळीवाल्यापाशी आलो की हल्ली माझी गाडी उगाचच हळू होते.