ॲडाचा पेला

व्हर्ना टिबेट्सच्या हाताखालून चांदी गेली की तिचं वय उतरतं, असं आमच्या टेनी हार्बरमध्ये म्हणायचे. म्हणणारे कौतुकानेच म्हणत, आणि व्हर्नाही मान जरा वर करून ऐकायची. आता तिच्यासमोर कुणी हे बोललं तर ती चहा गाळायच्या निमित्ताने उठून आत जाते.

मेन राज्याच्या किनाऱ्याला धरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर तिचं लाल कोठार आहे. कोठार म्हणजे एकेकाळी गाई बांधत ते. खाली दुकान, माळ्यावर कामाचं टेबल. दुकानात चहादाण्या, साखरेचे चिमटे, मेणबत्त्यांचे खांब, लोण्याच्या सुऱ्या, कुणाच्या तरी पणजीची पावडरची डबी. जून लागला की शहरांतली हौशी मंडळी मोटारी भरून येतात, जुन्या वस्तू गोळा करतात आणि सप्टेंबरात जातात. एरवी त्यांच्या नावाने आम्ही नाकं मुरडतो, पण चूल त्यांच्याच जिवावर पेटते. खोटं कशाला बोला.

नवरा एलवुड होता तोवर लिलावातून खोकी उचलून आणायचं काम त्याचं. त्यातली काळी, पिचलेली, ठेचलेली भांडी व्हर्ना माळ्यावर नेई आणि चार दिवसांनी खाली आणी तेव्हा ती ओळखू येत नसत. एलवुडचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जुनं विकायचं, पण जुनाट विकायचं नाही." तो गेला, वाक्य तेवढं राहिलं.

तिची खरी करामत नावं पुसण्यात. लग्नात, बाळाच्या बाप्तिस्म्याला चांदी द्यायची तर तिच्यावर अक्षरं कोरून द्यायची आमच्याकडे रीत. पण पुढे ती चांदी विकायला आली, की परक्याचं नाव आपल्या टेबलावर कोण मिरवणार? म्हणून दुकानदार अक्षरं घासून काढतात. घासणारे पुष्कळ आहेत. मात्र पुसलेलं नाव पकडायची जाणकारांची एक युक्ती असते. भांडं तोंडाजवळ धरून त्यावर वाफ सोडायची. वाफेखाली गेलेली अक्षरं क्षणभर उठून दिसतात, मग वाफेबरोबर जातात. व्हर्नाच्या भांड्यावर कितीही वाफ सोडा, काही दिसायचं नाही. बॉस्टनहून एक टकले गृहस्थ येत, मोठे संग्राहक. त्यांनी एका तबकावर फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले आणि शेवटी तबक खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही खून केलात ना, तर पोलिसांना प्रेतसुद्धा सापडायचं नाही."

हा किस्सा व्हर्नाने बारा वर्षं सांगितला. चर्चच्या जेवणावळीत, टपाल कचेरीत, केस कापून घेताना. आम्हाला पाठ झाला होता.

एका एप्रिलमध्ये तिने बँगरच्या बाजूच्या लिलावातून एक खोकं घेतलं. वर लेस, मध्ये डबे उघडायची गंजकी हत्यारं, आणि तळाशी लहान मुलाचा चांदीचा पेला, एका कानाचा. अशा पेल्यांना आमच्याकडे तोटा नाही, कारखान्यातून हजारांनी निघालेले. पण ह्याची दशा काही विचारू नका. कड सगळी चावलेली. कान कधीतरी तुटला होता आणि कुणा बहाद्दराने शिशाचा डाग देऊन चिकटवला होता, बोराएवढा गोळा तसाच ठेवून. पोटावर खिळ्याने की कशाने तीन अक्षरं खरवडलेली, त्यातलं मधलं वाकडं.

"कुणी केली रे तुझी ही दशा?" व्हर्ना पेल्याला म्हणाली. भांड्यांशी बोलायची तिला सवयच होती.

आता हेही सांगायला हवं, की हल्लीच्या हौशी लोकांना जुनी अक्षरं आवडायला लागली होती आणि व्हर्नाही चांगली कोरलेली अक्षरं ठेवू लागली होती. पण ही काय अक्षरं होती? खरवडा होता नुसता. तिने शिसं काढलं, कान चांदीच्या डागाने नीट बसवला. कडेवरचे खड्डे पोलादी घोट्याने घोटून घोटून बसवले. अक्षरं घासली, आणि घासलेली जागा बाकीच्या पोटाशी अशी मिळवली की अंगठा फिरवला तरी कळू नये. तीन दिवस गेले. मग पेला काचेच्या कपाटात पुढेच मांडला आणि दिवसभर जातायेता त्याच्याकडे बघत राहिली.

जुलैत एका शनिवारी काठी टेकत एक म्हातारा आला. दारात टोपी काढली. पायातले जोडे बेटावरच्या माणसाचे, मिठाने पांढरे पडलेले.

"मी क्लेटन थर्लो," तो म्हणाला. "होड्या बांधायचो. तुम्हाला त्रास देतोय, पण एक वस्तू शोधतोय. पोराचा पेला, चांदीचा."

"आहे ना," व्हर्ना म्हणाली. "एक सोडून तीन आहेत. नातवासाठी?"

"नाही हो. माझाच आहे, म्हणजे माझ्या ॲडाचा." त्याने काठी टेबलाला लावून ठेवली. "हिवाळ्यात मांडीचं हाड मोडलं, मी दवाखान्यात. पुतणीला वाटलं, म्हातारा आता काही बेटावर परतत नाही. तिने घर आवरलं. तिचा दोष नाही. मला विचारलं होतं तिने, मी गोळ्यांच्या गुंगीत हो म्हणालो. सगळं गेलं त्याचं काही नाही. तेवढा पेला जायला नको होता."

"काही खूण?" व्हर्नाने सवयीने विचारलं.

"खुणा म्हणाल तर त्याच्यावर खुणांशिवाय काही नव्हतंच." म्हातारा हसला. "दात येत होते तिला. जे सापडेल ते चावायची, पण पेल्यावर फार जीव. सगळी कड कुरतडली होती. एकदा आपटून कान तोडला, तो मीच चिकटवला, होडीच्या कामातलं शिसं होतं त्याने. बायको म्हणाली, अहो, हा काय नांगर आहे? आणि नाव मी पटाशीच्या टोकाने घातलं. डी वाकडा आला. तीन वर्षांची असताना तापाने गेली. चार दिवस वादळ होतं, होडी काढता येईना. फोटो एकच आहे, त्यातही पाठमोरी आहे ती. दात तेवढे खरे राहिले होते तिचे."

व्हर्नाने कपाटाकडे पाहिलं. पेला त्याच्या नाकासमोर होता, कपाटात, सगळ्यांत पुढे.

म्हाताऱ्यानेही तो पाहिला. "बघू का जरा?" म्हणाला. तिने किल्ली लावून कपाट उघडलं. त्याने पेला हातात घेतला, फिरवला, अंगठा कडेवरून नेला, एकदा, पुन्हा एकदा. मग अलगद खाली ठेवला.

"घडण हीच," तो म्हणाला. "पण हा नाही. हा फार नवा आहे."

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण तिच्या तोंडून आलं ते भलतंच. "नंबर ठेवून जा," ती म्हणाली, "दिसला तर कळवते." बारा वर्षं जी बाई आपल्या हाताचं कौतुक सांगताना थकली नव्हती, तिची जीभ नेमकी त्या वेळेला टाळूला चिकटली. भीती होती, लाजही होती, आणि तो गेल्यावर आपण एकटंच बसून काय ते ठरवू, असा भ्याड विचार होता. माझं मत विचाराल तर लाज जास्त होती.

तिने पेला कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, काही दिसलं का म्हणून. ती नाही म्हणाली. सप्टेंबरात पुन्हा आला. तेव्हाही नाही म्हणाली, आणि फोन ठेवून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली.

ऑक्टोबरात एका शनिवारी तिने पेला स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि गाडी काढली. म्हातारा आता पुतणीकडे राहत होता; तिचं घर किनाऱ्यापासून आत, सफरचंदांच्या बागांच्या बाजूला. पुतणी अर्लीन बाजारात गेली होती. दार म्हाताऱ्यानेच उघडलं. घरभर बीन्सचा वास होता, आमच्याकडे शनिवारी दुसरं काय शिजणार.

"सापडला?" त्याने दारातच विचारलं.

व्हर्नाने फडकं सोडून पेला टेबलावर ठेवला. "हा तुमचाच आहे, मिस्टर थर्लो," ती म्हणाली. "तेव्हाही होता. मीच घासला. नाव मी पुसलं, दात मी पुसले, तुमचं शिसं काढून टाकलं. मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही आलात त्या दिवशी ठाऊक झालं होतं, आणि मी बोलले नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पेल्याकडे नाही, तिच्याकडे. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने तिच्या हातावर थोपटलं.

"तू चांगली बाई आहेस, व्हर्ना," तो म्हणाला. अहोजाहो त्याने त्याच क्षणी सोडलं. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलीस, आणि एवढं मोठं खोटं रचून आलीस."

"खोटं नाही हो. देवाशपथ."

"शपथ घालू नकोस, पाप लागेल." त्याने पेला उचलून ओठाला लावला. "हे बघ. ती गेल्यावर मी कधीकधी त्यातून पाणी प्यायचो, बायकोला न कळू देता. कड टोचायची ओठाला. ह्याची बघ, कशी लोण्यासारखी."

"ती मी घोटलीय. तीन दिवस लागले मला."

"बरं, मग वाफ सोडून बघू," तो म्हणाला. "अर्लीनच्या नवऱ्याने सांगितलं मला, तुम्हा लोकांची युक्ती असते म्हणे. पुसलेलं असेल तर दिसतं." आणि त्याने पेला तोंडाजवळ धरून हाऽऽ केलं. दोघांनी वाकून पाहिलं. चांदी पांढरी झाली आणि हळूहळू पुन्हा लखलखीत झाली. मध्ये काहीही नव्हतं.

"बघ," म्हातारा मायेने म्हणाला.

"आधीचा फोटो काढायला हवा होता मी," व्हर्ना म्हणाली. तिने फडक्यानेच डोळे पुसले. "पण मी कधी काढत नाही. आधीचं कशाला ठेवायचं, असंच वाटायचं."

"रडू नकोस. हा घेऊन जा, ज्याच्या घरी बाळ असेल त्याला दे. आणि जेवून जा, बीन्स झालेत. फक्त एक कर. खरा दिसला तर कळव मला. मी वाट बघतोय."

"कळवीन," व्हर्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ती जेवायला बसली. त्याने बीन्स वाढले, काकवीची पोळी तोडून दिली. तिने सगळं संपवलं, कारण टाकलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

त्यानंतर तिने कशाचाच खड्डा काढला नाही. आता तिच्या दुकानात ठेचलेली, चावलेली, नावांची भांडी तशीच मांडलेली असतात आणि येणारे हौशी लोक विचारतात, बाई, हे जरा नीट करून द्याल का? ती नाही म्हणते. लोकांना वाटतं, हात गेला बिचारीचा.

मार्चमध्ये अर्लीनचा फोन आला. काका झोपेतच गेले, म्हणाली. तुम्हाला कळवायचं होतं, कारण शेवटच्या आठवड्यातसुद्धा रोज विचारायचे, टिबेट्सबाईंकडून काही निरोप आला का.

व्हर्नाने फोन ठेवला, खण उघडला आणि पेला खिडकीशी नेला. तोंडाजवळ धरून वाफ सोडली, जिथे तो वाकडा डी होता बरोबर तिथे. वाफ आली आणि गेली. काम अगदी चोख झालं होतं.