हिरामण मिस्त्रीचा सलाईनचा चिमटा

भिवंडीच्या कामतघरात हिरामण तरे कुठं राहतो असं विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. मिस्त्री कुठं राहतो म्हणा, रिक्षावाला दारात आणून सोडेल आणि वाटेत मिस्त्रीची एखादी खोड फुकटात सांगेल. अडतीस वर्षं या माणसानं कापड विणायचे लूम दुरुस्त केले. बंद पडलेल्या लूमला तो आधी शिव्या घालतो, मग कान लावून ऐकतो आणि मग पान्याला हात लावतो. हा क्रम चुकला तर लूम चालू होत नाही, अशी त्याची पक्की समजूत.

अब्दुलशेठच्या कारखान्यात त्यानं एकेक अशा युक्त्या लढवल्या की बाहेरचे मिस्त्री बघायला यायचे. पण बोलायचे काय? 'अब्दुलशेठचे लूम लय भारी चालतात हां!' करणारा करून गेला आणि नाव शेठचं झालं. शेठ भला माणूस, पण त्यानंही कधी 'अरे, हे आमच्या मिस्त्रीचं डोकं' असं म्हटलं नाही. मिस्त्रीला हे सलायचं. साठी आली तरी सलायचं.

त्याच्या शोधाचं मूळ मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं, झोपेत होतं. चार वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण, शेलार गावात दिलेली कमळताई, तापानं दवाखान्यात होती. दुपारी तिच्याजवळ बसायची ड्युटी मिस्त्रीची. बायकोनं, राहीबाईनं, डब्यात सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी दिलेली. ते रिचवून मिस्त्री स्टुलावर बसला, भिंतीला डोकं टेकलं आणि घोरायला लागला. इकडं सलाईनची बाटली संपली आणि ताईचं रक्त उलटं नळीतून वर चढायला लागलं. नर्स धावत आली म्हणून बरं.

ताईला काही झालं नाही. उलट तिचा आवाज आणखी खणखणीत झाला. पुढं वर्षभर प्रत्येक हळदीत, प्रत्येक साखरपुड्यात तिनं तीच गोष्ट लावून धरली. "माजं रगत नळीत चाललं व्हतं नि यो बाजूला घोरत व्हता!" पाहुणे पोट धरून हसायचे, मिस्त्रीही हसायचा. घरी आल्यावर मात्र दोन घास कमी जेवायचा. त्याला लाज वाटायची आणि ताई गेली असती तर काय, हा विचार रात्री झोपू द्यायचा नाही.

मग एक दिवस त्याला लूमच्या पत्तीची आठवण झाली. लूमवर उभा धागा एका पातळ पत्तीतून ओवलेला असतो. धागा तुटला की पत्ती पडते आणि लूम आपोआप थांबतो. मिस्त्री म्हणाला, धाग्यासाठी एवढी काळजी, मग माणसाच्या रक्तासाठी का नको? त्यानं स्प्रिंगचा आकडा केला, त्याला बाटली टांगली. बाटली हलकी झाली की स्प्रिंग वर जाते, पत्ती सुटते, नळी चिमट्यात घट्ट पकडते आणि बझर वाजतो. बझर तर असा की पहिल्यांदा वाजला तेव्हा आजूबाजूचे लोक कुठल्या तरी गोदामाला आग लागली म्हणून बाहेर धावले.

मिस्त्रीनं या वस्तूचं नाव ठेवलं चिमटा, आणि ती अशी लपवली की काही विचारू नका. माळ्यावर कुलपात, वर राहीबाईच्या जुन्या पातळाचं पांघरूण. राहीबाई तिला 'माजी सवत' म्हणायची. "सवतीला निदान पातळ तरी नवा आन," असंही म्हणायची.

पेटंट काढायचं ठरलं तेव्हा कामाला आली अब्दुलशेठची मुलगी, इरम. लहानपणी कारखान्यात मिस्त्रीच्या पान्यांशी खेळायची, आता शिकून पेटंटचे अर्ज भरायचं काम करते. धामणकर नाक्यावर तिचं ऑफिस आहे. तिनं चिमटा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "काका, कमाल आहे! असा नळी पकडणारा मी तरी कुठं बघितला नाही. कागद तयार करायला मला पंधरा दिवस द्या. तोवर एक करा, हे कोणाला दाखवू नका."

"मी? मी दाखवीन?" मिस्त्रीनं छातीवर हात ठेवला. "अगं, बायकोला पन नीट दाखवला न्हाय."

आणि त्यानं शब्द पाळला, त्याच्या परीनं. चिमटा कुलपातच राहिला. पण त्याच पंधरा दिवसांत आला मिस्त्रीचा साठावा वाढदिवस.

आता आमच्याकडं वाढदिवस म्हटला की बॅनर आलाच. नाक्यावर बॅनर नाही लागला तर माणूस जन्मलाच नाही असं समजतात. मिस्त्रीच्या शेजाऱ्याच्या बैलानं शर्यत जिंकली तेव्हा बैलाचा बॅनर लागला होता, गॉगल घातलेला. मिस्त्रीचा एकदाही नाही. रोज कामाला जाताना त्या बैलाच्या तोंडाकडं बघून जावं लागायचं. अशा वेळी पुतण्या भाविक म्हणाला, "काका, या टायमाला तुमचा लावू. दहा बाय आठ." भाविकचं बॅनर छापायचंच दुकान. वडील लवकर गेले, तेव्हापासून मिस्त्री आणि राहीबाईनंच त्याला वाढवलेला. काकासाठी जीव टाकतो पोरगा.

बॅनर काय होता महाराजा! वर मिस्त्री, गळ्यात उसनी चेन. बाजूला 'थोर संशोधक'. खाली शुभेच्छुक एकेचाळीस, त्यात तीन जण तर मिस्त्री ओळखतही नाही. आणि मधोमध चिमट्याचं चित्र, स्प्रिंग, पत्ती, नळी, बझर, सगळ्याला बाण आणि नावं. भाविक म्हणाला होता, नुसता तुमचा फोटो टाकू. मिस्त्रीच हटून बसला. "अर्धवट टाकलं तर लोक बोलतील, कायतरी स्प्रिंग लावलीय. सगला नीट दाखव. वस्तू तर घरात कुलपात हाय, यो तर निस्ता फोटू हाय!" लावताना शिडी त्यानंच धरली. भाविकनं बॅनरचा फोटो फेसबुकवर टाकला, तारखेसकट. अकरा दिवसांनी इरमनं अर्ज भरला, बॅनरची तिला खबरही नव्हती.

दोन वर्षांनी तिनं मिस्त्रीला बोलावलं. दवाखान्याचं सामान बनवणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीनं अर्जाला हरकत घेतली होती आणि पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. इरमनं तो पुढं ठेवला.

मिस्त्रीचा चेहरा फुलला. "आयला! माजा बॅनर पार तिथपर्यंत गेला?"

"काका, हसू नका," इरम म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "शोध नवा पाहिजे, असा कायदा आहे. अर्जाआधी तो सगळ्यांसमोर आला की नवा राहत नाही. मग तो तुम्हीच का आणला असेना. मी सांगितलं होतं ना, दाखवू नका?"

मिस्त्रीनं फोटो हळूच उलटा करून ठेवला. म्हणाला, "मग आता?"

"एकच वाट आहे. तुमच्याकडून घेऊन, तुमच्या परवानगीशिवाय कोणी ते उघड केलं असेल, तर पेटंट वाचू शकतं. तसं शपथेवर लिहून द्यावं लागेल. पण खरं असेल तरच हं. तुम्हाला विचारून लावला होता का हा बॅनर?"

तिनं तीनदा विचारलं. मिस्त्रीनं तिन्ही वेळा पेपरवेटकडं बघत मान हलवली. नाही.

घरी बैठक बसली. कमळताई खास शेलारहून आली. तिनं निकाल देऊन टाकला, "लिव की. एवढ्यासाठी देव काय डोले फोडतो काय?" भाविक तर आधीच तयार. "काका, टाका माज्यावर. मना काय व्हनार हाय? नाव तुमचं लागला पायजे." राहीबाई तांदूळ निवडत राहिली. ती गप्प बसली की मिस्त्रीला धडकी भरते. तरी त्यानं आरशासमोर उभं राहून 'मला काही ठाऊक नव्हतं' हे वाक्य घोटलं. दाढी करताना, जेवताना, चहा पितानाही घोटलं.

सहीच्या दिवशी भाविक इस्त्रीचा शर्ट घालून आला, जणू त्याचाच सत्कार होता. इरमनं शपथेचा कागद समोर ठेवला. "इंग्रजीत आहे, म्हणून सहीआधी मराठीत वाचून दाखवते. ऐका. 'माझा पुतण्या भाविक तरे यानं माझ्या शोधाचं चित्र माझ्या नकळत, चोरून घेतलं आणि...'"

"थांब," मिस्त्री म्हणाला. "चोरून लिवलंय?"

"नकळत घेतलं म्हणजे तेच झालं ना, काका."

"दुसरा शब्द घाल."

"शब्द कुठलाही घातला तरी गोष्ट तीच राहणार. त्यानं तुमचं न विचारता नेलं, असं तुम्ही सांगताय."

मिस्त्रीनं पेन हातात धरलं. भाविक म्हणाला, "काका, करा ना सही. कागदावरचा चोर, खरा थोडाच हाय?" असं म्हणून तो हसला. ते हसणं बघितलं आणि मिस्त्रीचं डोकं फिरलं. त्यानं पेन टेबलावर आपटलं.

"कोन चोर? यो चोर?" तो ओरडला. बाहेर बसलेली माणसं दारात आली. "अगं, पोरगा सांगत व्हता निस्ता फोटू टाकू! चित्र मी काढून दिला. बान मी मारायला लावले. शिडी मी धरली व्हती, थोडा उजवीकडं घे, थोडा उजवीकडं घे, असा मीच बोंबलत व्हतो!" त्याला धाप लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. "माजा नाव लागावा म्हनून अडतीस वर्सं जीव जलला, इरम. पन याचा नाव चोर लावून माजा नको. फाड तो कागद."

इरमनं कागद फाडला. उठून तिनं मिस्त्रीचे दोन्ही हात धरले. "आता जे खरं आहे तेच पेटंट ऑफिसला कळवते. पेटंट जाणार, काका."

"जाऊ दे," मिस्त्री म्हणाला, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडला. राहीबाईनं त्या दिवशी न सांगता त्याच्या आवडीचं जिताडा माशाचं कालवण केलं आणि दोन घास जास्तच वाढले.

चार महिन्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर. इरमनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. ताईसुद्धा आली, असल्या बातमीला ती कशी चुकेल? मिस्त्री कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, कोणी बघणार नाही अशा बेतानं.

"पाच पानं आहेत. मुद्द्याचं तेवढं वाचते," इरम म्हणाली आणि सावकाश मराठी करत वाचू लागली. "'नळी पकडून बझर वाजवणारा हा चिमटा नवा म्हणता येत नाही. कारण अर्जाच्या अकरा दिवस आधी तो भिवंडीत कामतघर इथं जाहीरपणे मांडला गेला. तो मांडणारी व्यक्ती म्हणजे स्वतः शोधकर्ता, हिरामण बाळू तरे.'"

मिस्त्रीनं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"मंजे ती कंपनी आता यो चिमटा आपल्या नावावर करनार?" भाविकनं विचारलं.

"नाही. बनवू कोणीही शकतं. नावावर कोणालाच करता येणार नाही, त्यांनाही नाही. का, तर काकांनी तो आधीच केला होता. हे सरकारनं लिहून दिलंय, सही-शिक्क्यानिशी."

भाविकनं फोटो काढायला मोबाईल वर केला. मिस्त्रीनं हात आडवा धरला. "आधी इरमला इचार, चालंल का."

सगळे हसले. मिस्त्री उठून टेबलापाशी आला आणि कागदावर वाकला. त्याला इंग्रजी येत नाही. इरमनं नावाखाली बोट ठेवलं. मिस्त्रीनं आपलंही बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलं.

"चला आता," राहीबाई म्हणाली, "ऐकला ना एकदा?"

"तू गप बस गं." मिस्त्रीनं बोट उचललं नाही. "इरम, परत वाच. नावापास्नं वाच."