जॉबरची झोप

सकाळी मी डोक्यावरच्या वायरी सोडवत होते, तेव्हा नरसय्या अण्णा उशीवरूनच म्हणाले, "मस्त झोपलो की ताई! एकदम गाढ."

साफ खोटं. रात्रभर काचेपलीकडे बसून मी त्यांच्या मेंदूच्या लहरी बघत होते. माणूस झोपला की त्या संथ होतात. अण्णांच्या लहरी टक्क जाग्या माणसाच्या होत्या.

"अण्णा, मशीनला फसवता येत नाही," मी म्हणाले. मी मूळची माळशिरसची, तोंडाची फटकळ.

"डोळे तर मिटले होते की," ते ओशाळले. "आता ऑपरेशन कवा?"

सगळा जीव त्या ऑपरेशनमध्ये अडकला होता. अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा मेकॅनिक. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की माणूस जमिनीवर लोळायचा. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं, तारीखही मिळाली. मग भूल देणाऱ्या अनुराधा मॅडमनी त्यांना तपासलं. आखूड जाड मान, आणि नंबर येईपर्यंत बाकावरच लागलेली डुलकी. मॅडमनी अण्णांच्या बायकोला विचारलं, "घोरतात का?"

पद्माक्का म्हणाल्या, "अय्यो, घोरण्याचं काय सांगू! पण मधीच गप्प होतात, तवा लई भ्या वाटतं. हलवलं की श्वास घेतात."

मॅडमनी तारीख पुढे ढकलली आणि त्यांना माझ्याकडे स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेच्या तपासणीला पाठवलं.

काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू धक्का देऊन जागं करतो. घरी हे वर्षानुवर्षं चालून जातं. भुलीत मात्र घसा आणखी सैल पडतो, आणि मेंदूला जागं करता येत नाही. म्हणून आधी कळलेलं बरं. तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. डोक्याला वायरी, छातीला-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा लावतो आणि झोपा म्हणतो. "एवढं गुंडाळल्यावर झोपायचं कसं?" असं प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक जण झोपतातही. माझी विनंती एकच, डोक्याला तेल नको. पद्माक्कांनी नवऱ्याला छान झोप लागावी म्हणून वाटीभर खोबरेल जिरवून आणलं होतं! वायर लावावी तर घसरायची. शाम्पूनं दोनदा धुतलं तेव्हा कुठे चिकटली.

आता माणूस झोपलाच नाही तर श्वास अडेल कुठून? रिपोर्टमध्ये ऑक्सिजन झकास. आमच्या सर्जन सरांचा हात सोन्याचा, पण घाई फार.

"ऑक्सिजन छान आहे. उद्या ऑपरेशनला घेऊ," ते म्हणाले.

"सर, ते झोपलेच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"आणि पुन्हा अ‍ॅटॅक आला, पित्ताशय फुटलं, तर जबाबदार कोण?"

"तशी वेळ आली तर जोखीम घेऊन लगेच करू. पण आज ते चालत आलेत. झोपेतला श्वास न बघता मी भूल देणार नाही."

आवाज जराही चढला नाही. सर तरातरा निघून गेले. खरं सांगते, माझी नसती छाती झाली.

मग मॅडम खुर्ची ओढून अण्णांसमोर बसल्या. "घरी कधी झोपता?"

"सकाळी की. कायमची नाईट हाय माजी."

घ्या! आम्ही त्यांना नेमकं त्यांच्या कामाच्या वेळेला झोपवत होतो. "मग दिवसा करू या," मी म्हणाले. पण मॅडम उठल्या नाहीत.

"सुट्टीच्या दिवशी रात्री झोप लागते ना? मग इथे का नाही लागली?"

अण्णा घुटमळले. "हितं लई गप्प हाय ओ मॅडम."

उलगडा पद्माक्कांनी केला. त्यांच्या घराखाली शेजाऱ्यांचे माग आहेत. खटखट चालू असली की अण्णा ढाराढूर. "एक माग जरी थांबला की ताडकन उठून बसतात. म्हणतात, कुठला गेला?"

जॉबरला आवाज म्हणजे सगळं सुरळीत, शांतता म्हणजे काम आलं. जाड पडदे, दाराला रबर, बाहेर 'शांतता राखा'ची पाटी, अशी मी जिवापाड जपलेली माझी खोली. अण्णांच्या कानाला तिथे अख्खा कारखाना बंद पडला होता.

"मग इथेही मागाचा आवाज लावू या," मॅडम म्हणाल्या.

"मग घोरणं खोलीतल्या माइकमध्ये कसं येणार?" मी कुरकुरले.

"घोरणं आपल्याला माहीतच आहे. मला श्वास बघायचाय. तो पट्ट्यांवर दिसेल ना?"

दिसणार होता.

पद्माक्कांनी मोबाइलमध्ये खटखट भरून आणली. दोन दिवसांनी अण्णा नाईट करून सरळ आमच्याकडे आले. मोबाइल उशाशी ठेवला. शेवटची वायर लावेपर्यंत माणूस घोरायला लागला.

आणि थोड्याच वेळात पडद्यावर दिसलं. छाती धडपडतेय, पण नाकातून वारा शून्य. ऑक्सिजन नव्वद, ऐंशी, सत्तरच्याही खाली. मग घर्रकन एक श्वास, आणि पुन्हा तेच. मी फोन करून सर्जन सरांना बोलावलं. ते पडद्याकडे बघत राहिले. "बाप रे," एवढंच म्हणाले.

मग मी अण्णांच्या नाकावर सीपॅपचा मास्क लावला. हे यंत्र हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. श्वास रुळावर आला, ऑक्सिजन चढला. तेवढ्यात त्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला आणि खटखट थांबली. अण्णा वायरींसकट उठून बसले, "कुठला गेला?" सरसुद्धा पोट धरून हसले.

काही आठवडे अण्णा घरी मास्क लावून झोपले. मग ऑपरेशन झालं. त्यानंतर मॅडमनी भुलीसाठी घशात घातलेली श्वासाची नळी काढली तेव्हा मी सीपॅपचं मशीन घेऊन शेजारीच उभी होते. श्वास सुरू झाला आणि अडला. ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. मॅडमनी जबडा उचलून धरला, दुसऱ्या हातानं मास्क बसवला. ना आरडाओरडा, ना धावपळ. आकडा वर आला. ही बाई त्या एका मिनिटासाठी इतके दिवस अडून बसली होती.

घरी जायच्या दिवशी पद्माक्कांनी सर्जन सरांसाठी नवी कोरी चादर आणली. सरांनी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "आणि भूल देणाऱ्या मॅडम कुटं हाईत?"

माझ्या सगळ्या नोकरीत पेशंटच्या माणसांनी हे विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सरांनी चादरीची घडी पद्माक्कांच्या हातात परत ठेवली.

"ही त्यांनाच द्या," ते म्हणाले. "मी तर दुसऱ्याच दिवशी अण्णांना ऑपरेशनला घेणार होतो."

भूल देणारा डॉक्टर 'आज नको' म्हणाला, तर भांडू नका. 'मग कधी?' एवढंच विचारा, आणि त्याच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या.