मातामायचा फ्लॅट नंबर

आज सकाळी आमच्या बेसातल्या सोसायटीच्या गेटवर एक आजी नारळ आणि पाण्याचा गडवा घेऊन उभ्या होत्या. आत पार्किंगच्या कोपऱ्यात मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, जुनं ठाणं आहे.

वॉचमन रजिस्टर उघडून विचारत होता, "कोणाकडे जायचं? फ्लॅट नंबर?"

"मातामायकडे. तिले कुठचा नंबर गा? हे आमचंच वावर होतं."

"नंबराशिवाय सोडता येत नाही, आजी."

मी माझा नंबर लिहायला सांगितला.

"बरं झालं वं बाई, तू भेटली. पुढच्या मंगळवारी असशील न?"

नसेन. आज सुट्टी होती म्हणून घरी होते.

हा नियम करताना मीही हात वर केला होता. रविवारच्या मीटिंगमध्ये आधी ते कबूल करून मग आजींसाठी बोलणार आहे. सोसायटीतलं कोणी हे वाचत असेल, तर साथ द्याल का?