जोडीचा हॉर्न

नव्या मोटारीचे दार तो लावत नसे, आपटत असे. पूर्ण ताकदीने, एखाद्याच्या मुस्काटात द्यावी तसे. मग डोळे मिटून, मान किंचित कलती करून त्या आवाजाचा शेवट ऐकत उभा राही. पत्रा जाड असला तर आवाज पाण्यात दगड बुडावा तसा आत जाई. पातळ असला तर थाळीसारखा थरथरत राही.

"मारल्याबिगर गाडी खरं बोलत नाई," तो म्हणे. आणि लगेच पुढचा प्रश्न, "उद्या इकाची झाली तं कोन घेईन?"

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. चांद्याच्या परकोटाला लागून आमचे घर आणि घराला लागून त्याची पत्र्याची शेड. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पण ठेकेदार असो वा वकील, नवी गाडी घेण्याआधी त्याला बोलावल्यावाचून कोणी पैसे काढत नसे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. स्वतः काहीच विकत घेत नाही, पण त्याने मान हलवल्याखेरीज दुसऱ्यांचे व्यवहार पुरे होत नाहीत. आम्ही त्याला मिस्त्री म्हणत असू.

शेडमधून दिवसभर घाव ऐकू येत. लोखंडावर लोखंड. ग्रीसचा आणि जळक्या रबराचा वास आमच्या तुळशीपर्यंत पोहोचे. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखे नव्हती आणि रागाला लगाम नव्हता. एका लाकूड ठेकेदाराने हॉर्न बंद पडलेला ट्रक तसाच जंगलात न्यायचे ठरवले, तेव्हा मिस्त्रीने हातातला पाना असा भिरकावला की ट्रकचा दिवा फुटून काचेची कपची ठेकेदाराच्या गालात रुतली.

"आता दिवाबी नाई, हॉर्नबी नाई," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "आता ने!"

एवढ्या गाड्यांशी झुंजणारा हा माणूस स्टेअरिंगला मात्र कधी हात लावत नसे. दुरुस्त झालेली गाडी दुसऱ्या कोणी तरी बाहेर काढायची. कारण विचारले तर तो थुंकून कामाला लागे.

माझे बाबा डॉक्टर होते. मूल-सावलीकडच्या खेड्यांत जाण्यासाठी त्यांनी नवी चारदारी गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा नागपूरचा विक्रेता दोन गाड्या घेऊन अंगणात आला. एक परदेशी, लांबरुंद, किमतीला जड. दुसरी देशी जुळणीची, ठेंगणी. परदेशी गाडीचे आसन तळहाताखाली पिकल्या जांभळासारखे मऊ लागत होते. मी तिच्याच बाजूची होते.

मिस्त्रीने दोन्ही गाड्यांची दारे आपटली. विक्रेता कळवळला, "अहो, नवी आहे! फुटेल!"

"फुटन तं आताच फुटू द्या, भाऊ. मंग काऊन फुटाची?" मग बाबांकडे वळून, "डॉक्टरसाहेब, मोठीचा नट मोडला तं मुंबईहून येईन. चार सालानं इकाले काढाल तं गिऱ्हाइकबी मुंबईहून आनाचं का? लहान घ्या. काळी घ्या. काळी ठेकेदार डोळे झाकून नेते."

भाव ठरला. प्रश्न उरला जोडसामानाचा. बाबांच्या हाताशी एकाच वस्तूपुरते पैसे होते. बाबांना रेडिओ हवा होता, मलाही. मिस्त्रीला हवा होता जोडीचा हॉर्न, दोन कर्ण्यांचा, मैलभर ऐकू जाणारा.

"एक हॉर्न आहेच की," विक्रेता म्हणाला. "रेडिओ असला तर उद्या विकतानाही किंमत येते."

"रेडिओ आयकून वाघ बाजूले होईन का बे?" असे म्हणत मिस्त्रीने विक्रेत्याने आणलेले रेडिओचे नवे खोके उचलले आणि अंगणातल्या फरशीवर आदळले. काचेच्या नळ्या फुटल्याचा नाजूक आवाज मला आजही आठवतो. विक्रेता अंगावर धावला, मिस्त्रीने जॅकचा दांडा उचलला, आणि बाबा मधे पडले म्हणून त्या दिवशी अंगणात रक्त सांडले नाही.

विक्रेता ओसरीत जाऊन बसल्यावर बाबांनी विचारले, "मिस्त्री, एवढं काय आहे त्या हॉर्नमध्ये?"

तो नखे नसलेली बोटे चोळू लागला.

"मी टरक चालवत होतो, साहेब. बांबूचा भारा डोईवर घेतलेली बाई मान वळवू नाई शकत. मांगून गाडी आली तं अख्खी वळते, आन भारा रस्त्यावर आडवा होते. तिले दुरूनच सांगा लागते. माह्या टरकाचा हॉर्न बंद होता. मालकाले तीनदा सांगतलं होतं."

आमच्या भागात जुनी गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "माणूस लागला का हिले?" म्हणजे हिच्याखाली कोणी मेले का. लागलेला असला तर ती गाडी कोणी घेत नाही. मिस्त्रीच्या मालकाने अपघाताच्याच संध्याकाळी ट्रक धुतला आणि जिथे कोणाला काही ठाऊक नव्हते अशा दूरच्या गावी विकला.

"पुरा भाव आला, साहेब. बाईचा कोनं इचारलाच नाई." मिस्त्रीने त्या मालकाचा हात कोपरातून मोडला होता. दोन वर्षे तुरुंगात काढली होती.

बाबांनी फुटक्या रेडिओचे पैसे मुकाट्याने भरले. जोडीचा हॉर्न मागाहून, महिना काटकसर करून बसवला.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांच्या मनगटाचा सांधा निखळला असतानाच सावलीहून निरोप आला. बाळंतीण अडली होती. गाडी चालवणारे कोणी नव्हते. मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. मिस्त्रीने हात पुसले, पुसतच राहिला. मग स्टेअरिंगवर बसला. बाबांचा एक हात अधू म्हणून मदतीला मीही त्यांच्याबरोबर मागे बसले.

मोहाचा आंबूस गोड वास, दोन्ही बाजूंना निष्पर्ण साग, आणि प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी तो दुहेरी हॉर्न. वानरे फांद्यांवरून उधळत होती. मूलच्या अलीकडे बांबूचे भारे घेतलेल्या बाया हॉर्न ऐकून वेळेवर कडेला झाल्या. एकीच्या मनात मात्र काय आले कोण जाणे. गाडी अगदी जवळ येताच ती कडेवरून अख्खी वळली आणि भारा रस्त्यावर आडवा झाला.

मिस्त्रीने स्टेअरिंग फिरवले. गाडी सागावर आदळली.

जंगल किंचाळू लागले. मिस्त्रीची छाती स्टेअरिंगमध्ये रुतली होती, हॉर्नच्या बटणावर, आणि दोन्ही कर्णे एकदम ओरडत होते. मी त्याचे डोके धरले. माझे हात कोपरांपर्यंत गरम, चिकट झाले. त्याचे ओठ हलले. आवाज ऐकू येणे शक्य नव्हते, पण शब्द दिसले. "बाई?"

मी बाहेर पाहिले. ती लाल धुळीत कानांवर हात घेऊन बसली होती, नखशिखान्त शाबूत. मी मान डोलावली. त्याने दात दाखवले. दातांत रक्त होते. बाबांनी आणि मी त्याला स्टेअरिंगवरून उचलले, तेव्हा हॉर्न थांबला. तोही.

बाबा त्याच बायांपैकी एकीबरोबर पुढे बाळंतिणीकडे चालत निघाले, एका हाताने औषधांची पेटी घेऊन.

मोडकी गाडी न्यायला पुढे एक गिऱ्हाईक आले. तिच्याभोवती फिरून त्याने विचारले, "माणूस लागला का हिले?"

मी मागच्या, शाबूत राहिलेल्या दारापाशी गेले, ते उघडले आणि अंगात होते तेवढ्या बळाने आपटले. डोळे मिटून आवाज ऐकला. तो आत, खोल गेला.

"लागला असता," मी म्हणाले. "लागू दिला नाही."